कोरियात के-पॉपच्या शूटिंगच्या जागा प्रायव्हेट गाइड घेऊन कशा बघायच्या (एका आर्मीच्या आईकडून)

आधीच सांगते, मी स्वतः फॅन वगैरे नाही. माझी लेक सतरा वर्षांची, बीटीएस या कोरियन बँडची कट्टर आर्मी (त्यांच्या फॅन्सना आर्मी म्हणतात), आणि भाची एकोणीसची, तिला सगळेच ग्रुप आवडतात आणि वर ते ‘के-पॉप डेमन हंटर्स’ सिनेमाचं वेड. मी या दोघींची फायनान्सर, डबेवाली आणि फोटोग्राफर. दहावीला चांगले मार्क पडले तर कोरियाला नेईन असं मी एकदा बोलून बसले, आणि पोरीने खरंच मार्क पाडले. गेल्या दिवाळीत भाऊबीज उरकली आणि आम्ही तिघी निघालो.

निघायच्या आधी चार महिने मी जी माहिती गोळा केली त्यातली निम्मी जुनी, पाव चुकीची आणि उरलेली कोणाच्या तरी जाहिरातीची होती. एकदा पैसेही बुडाले. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, ज्या कोणाच्या घरात असं एखादं रत्न आहे त्यांच्यासाठी.

१. गाइड नक्की कशासाठी हवाय ते आधी ठरवा

पहिली चूक इथेच होते. लोक तीन-चार दिवसांचा पूर्ण प्रायव्हेट टूर घेतात आणि त्यातले दोन दिवस गाइड त्यांना अशा ठिकाणी फिरवतो जिथे मेट्रोने आपलं आपण आरामात जाता येतं.

सोल शहरातल्या जागांना गाइड लागत नाही. ग्योंगबोकगुंग राजवाडा (२०२० च्या सप्टेंबरात बीटीएसने अमेरिकन टीव्ही शोसाठी इथे परफॉर्म केलं होतं, एक गाणं मुख्य दरबाराच्या इमारतीसमोर आणि एक तळ्यातल्या ग्योंगहोरू मंडपात) मेट्रो स्टेशनला लागूनच आहे. के-पॉप कंपन्या बघायच्या तर हाइबची (बीटीएसवाली) बिल्डिंग योंगसानला, एसएमची सोंगसूला, वायजीची हापजोंगला, सगळीकडे मेट्रो जाते. कोएक्स मॉलबाहेर ‘गंगनम स्टाइल’च्या त्या दोन मनगटांचा भलामोठा पुतळा आहे, तिथेही मेट्रो. भाचीला हवं होतं ते नाकसान पार्क, म्हणजे डेमन हंटर्समधली ती तटबंदी, ह्येह्वा स्टेशनवरून चढ चढून जाता येतं. (सिनेमा ॲनिमेशनचा, तिथे शूटिंग कसलं झालं असणार, पण जागा खरी आहे आणि संध्याकाळी तिथून शहराचे दिवे दिसतात ते मात्र खरंच भारी.)

गाइड लागतो तो शहराबाहेर. समुद्रकिनारे, बंद पडलेली स्टेशनं, ऐतिहासिक मालिकांचे सेट, जिथे बस तासाला एक आणि पाटी फक्त कोरियनमध्ये. आम्ही शेवटी पाच दिवसांत गाइड फक्त दीड दिवस घेतला आणि तेवढा पुरला.

२. यादी करा, आणि यादी म्हणजे स्क्रीनशॉट

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कारण गाइड हा फॅन नसतो, हे डोक्यात पक्कं बसवा. आमचा गाइड पन्नाशीचा, पोरी त्याला गाइडकाकाच म्हणायच्या, जुन्या जोसॉन घराण्यातल्या राजांची वंशावळ तोंडपाठ, पण ‘स्प्रिंग डे’ कुठलं गाणं हे त्याला माहीत नव्हतं. आणि त्याने तसं सरळ सांगितलं म्हणून मला तो आवडला. जे गाइड ‘ऑल बीटीएस प्लेसेस नो प्रॉब्लेम’ म्हणतात त्यांच्यापासून जपून.

तर प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी जमवा: व्हिडिओतला किंवा अल्बममधल्या फोटोचा स्क्रीनशॉट, जागेचं नाव कोरियन लिपीत, आणि नेव्हर मॅपची (तिकडचं मॅप ॲप) लिंक. नाव इंग्रजीत दिलं तर एकाच गावाची चार स्पेलिंगं होतात आणि गाइड भलतीकडे नेतो.

मग यादीला कात्री लावा. लेकीची पहिली यादी तेवीस जागांची होती. त्यातल्या बऱ्याच जागा जगात कुठेच नाहीत, कारण के-पॉपचे बरेचसे व्हिडिओ स्टुडिओत सेट लावून होतात आणि दुसऱ्या दिवशी तो सेट मोडतात. काही जागा कोरियातच नाहीत. ट्वाइस ग्रुपचं ‘लायकी’ गाणं व्हँकुव्हरमध्ये शूट झालंय, बीटीएसच्या ‘ऑन’मधला तो प्रचंड काँक्रीटचा बांध लॉस एंजेलिसचा. आणि काही जागा बंद झाल्यात पण जुन्या याद्यांमध्ये अजून जिवंत आहेत: हाइब इनसाइट म्युझियम २०२३ च्या सुरुवातीला बंद झालं, कोएक्समधलं एसएमटाउन त्याच्याही आधी. तुमच्या टूरच्या कार्यक्रमात यांची नावं दिसली तर समजा समोरच्याने पाच वर्षांपूर्वीचं पान तसंच चिकटवलंय.

ज्या जागा खरंच आहेत आणि आर्मीच्या याद्यांमध्ये हमखास असतात त्या या:

ह्यांगहो बीच, जुमुनजिन. गांगनुंग शहराच्या उत्तरेला, पूर्व किनाऱ्यावर. २०१७ च्या ‘यू नेव्हर वॉक अलोन’ अल्बमच्या फोटोतला बसस्टॉप. गंमत म्हणजे तो स्टॉप फोटोपुरताच उभा केलेला, नंतर काढून टाकला, पण फॅन्स येऊन रिकाम्या वाळूत शोधायला लागले म्हणून गांगनुंगच्या पालिकेने परत बांधला. इथे बस थांबत नाही. हे लिहायचं कारण, आमच्यासमोर एक जोडपं खरंच बसची वाट बघत होतं.

मेंगबांग बीच, सामचोक. ‘बटर’च्या फोटोंचा किनारा, २०२१. जुन्या फोटोंत दिसणाऱ्या रंगीत छत्र्या-खुर्च्या अजून असतीलच असं धरून जाऊ नका, नुसता किनारा बघायला जायची तयारी असेल तरच जा. जुमुनजिनपासून दक्षिणेला गाडीने तासाच्या वर. आम्ही हे गाळलं, वाईट वाटलं नाही.

इल्योंग स्टेशन, यांगजू. ‘स्प्रिंग डे’च्या सुरुवातीला बीटीएसमधला व्ही बर्फात ज्या रुळांशी वाकून कान लावतो ते. याबद्दल पुढे वेगळं लिहिते, कारण इथे सगळ्यांची फजिती होते.

योंगिन दे जांग गुम पार्क. ऐतिहासिक मालिकांचा कायमचा सेट, बीटीएसमधल्या शुगाचं ‘देच्विता’ गाणं (२०२०) इथलं. अख्खं जुनं गावच उभं केलंय, फॅन नसलेल्यालाही मजा येते. जायच्या दिवशी कुठल्या मालिकेचं शूटिंग असेल तर काही भाग बंद ठेवतात, तेव्हा गाइडला आदल्या दिवशी फोन करायला सांगा.

वानजूचं ओसोंग हानोक (म्हणजे जुन्या पद्धतीची कोरियन घरं) गाव. बीटीएसचं २०१९ चं समर पॅकेज, म्हणजे फोटो-व्हिडिओचा संच, इथलं. सुंदर आहे म्हणतात, पण सोलपासून लांब, जोंजूला मुक्काम असेल तरच जमवा.

आता इल्योंगचं. ती रेल्वे लाइन, ग्योवे लाइन म्हणतात तिला, २००४ पासून प्रवासी गाड्यांसाठी बंद होती. म्हणून इंटरनेटवरच्या सगळ्या फोटोंत लोक निवांत रुळावर बसलेले, आडवे पडलेले दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये ती लाइन परत चालू झाली. गाड्या धावतात, म्हणजे रुळावर उतरणं बंद. माझ्या लेकीने त्या एका फोटोसाठी खास तसंच जाकीट घेतलं होतं, आणि गाइडकाका आधीच बोलले होते तरी तिला वाटलं जाऊन बघू, काहीतरी होईल. काही झालं नाही. प्लॅटफॉर्मवरून फोटो काढला. आणि एक, बर्फ हवा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, दिवाळीत तिथे पिवळी पानं असतात, बर्फाचा पत्ता नाही.

३. व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच. ते के-ईटीए नावाचं ऑनलाइन परमिट आपल्याला चालत नाही, त्याच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या साइट्सवर जाऊ नका. साधा टूरिस्ट व्हिसा काढायचा. मुंबईत कोरियाचं कॉन्सुलेट आहे, पण अर्ज कुठे आणि कसा घेतात, फी किती, हे त्यांच्या साइटवर अर्जाच्या आठवड्यात बघा, माझ्यासारख्या बाईने लिहिलेल्यावर जाऊ नका.

आम्ही लावलेले कागद:
- पासपोर्ट (सहा महिने तरी शिल्लक) आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- फोटो, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, ३.५ बाय ४.५ सेंटीमीटर
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेचा शिक्का मारलेलं
- आयटी रिटर्न
- माझं ऑफिसचं रजेचं पत्र, पोरींची कॉलेजची बोनाफाइड
- लेक अठराच्या आतली म्हणून जन्मदाखला आणि तिच्या बाबांचं संमतीपत्र
- हॉटेल बुकिंग, विमानाचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम

कार्यक्रमात टूरचं नाव, गाइड एजन्सीचं बुकिंग असं लिहिलं तर बरं दिसतं, पण व्हिसा हातात येईपर्यंत रिफंड न मिळणारं काही बुक करू नका. महिनाभर हातात ठेवा.

कोरियात पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. हे फुकट आहे. सर्च केल्यावर वर येणाऱ्या काही साइट्स याचेही पैसे मागतात, सरकारी साइटवरच भरा.

४. गाइड शोधताना

इथे माझे पैसे बुडाले म्हणून जरा सविस्तर.

भाचीला इन्स्टावर एक जण सापडला. रील्स एकदम झकास, दर बाकीच्यांच्या निम्मा, इंग्लिश फर्डा. त्याने निम्मे पैसे आधी मागितले, मग ‘सीझन आहे, स्लॉट जाईल’ करत उरलेले पण मागितले. आम्ही फक्त पहिला हप्ता दिला होता, तोही मनी ट्रान्सफरने, आणि आठवड्यात अकाउंटच गायब. बँक म्हणे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. चूक माझीच, चाळीसएक वर्षांच्या बाईला रील बघून भुलायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर मी हे प्रश्न लिहून काढले आणि प्रत्येकाला विचारले:

गाइडचं लायसन्स आहे का? कोरियात परदेशी पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइडची सरकारी परीक्षा असते, ‘ग्वानग्वांग थोंग्योक आन्नेसा’ म्हणतात त्याला, आणि पास झालेल्याला कार्ड मिळतं. कार्डाचा फोटो मागा. खरा गाइड लगेच पाठवतो, टूरच्या दिवशी गळ्यातही घालतो.

गाडी कोणाची? भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या गाडीला तिकडे पिवळी नंबरप्लेट असते, टॅक्सीला असते तशीच. पांढऱ्या प्लेटच्या घरच्या गाडीतून फिरवणारे पण खूप आहेत, स्वस्त पडतात, पण अपघात झाला तर इन्शुरन्सच्या नावाने बोंब. दोन वयात आलेल्या पोरी घेऊन मी ती रिस्क घेतली नाही.

ड्रायव्हर आणि गाइड एकच की वेगळे? एकच असेल तर स्वस्त, पण प्रत्येक ठिकाणी तो पार्किंग शोधत बसतो आणि तुम्ही एकटेच फिरता. छोट्या किनाऱ्यावर चालतं, गजबजलेल्या भागात नाही.

शॉपिंग स्टॉप किती? हा प्रश्न शरमेशिवाय विचारा. ‘प्रायव्हेट’ म्हणून घेतलेल्या टूरमध्येही जिनसेंगच्या दुकानात, कॉस्मेटिकच्या दुकानात अर्धा-अर्धा तास बसवतात, तिथे त्यांचं कमिशन असतं. मी मेसेजमध्ये लिहून घेतलं, ‘नो शॉपिंग स्टॉप’.

कॅन्सल केलं तर काय? पाऊस, बर्फ, आजारपण, व्हिसा न मिळणं, प्रत्येकाचं उत्तर लेखी.

आणि शेवटचा माझा हुकमी प्रश्न: इल्योंग स्टेशनवर रुळावर फोटो काढता येईल का? जो ‘हो हो’ म्हणाला त्याला मी तिथेच फुली मारली. गाइडकाकांनी उत्तर दिलं, आता गाड्या चालू आहेत, नाही जमणार, पण प्लॅटफॉर्मवर जाता येईल. तेव्हाच ठरलं.

बुकिंग शक्यतो अशा प्लॅटफॉर्मवरून करा जिथे कार्डाने पैसे जातात आणि तक्रार करायची सोय असते. थेट गाइडशी बोलून ठरवलंत तर थोडे वाचतात, पण ॲडव्हान्स कमीत कमी द्या, बाकी टूर संपल्यावर.

५. पैसे, खरे आकडे

हिशोबाला सोपं म्हणून १००० वॉन म्हणजे साधारण साठ-पासष्ट रुपये धरा. सोलहून निघून सोलला परत, गाडी-गाइडसकट पूर्ण दिवसाचे मला आलेले कोट साडेचार लाख ते सात लाख वॉनच्या मधले होते. हा दर गाडीचा असतो, माणशी नाही, म्हणून तिघींना महाग आणि सहा जणांना परवडतो. चार-पाच मैत्रिणी मिळून जाणार असाल तर तुमचं भलं आहे.

कोटमध्ये काय धरलंय ते विचारा: टोल, पार्किंग, प्रवेश फी, गाइडचं जेवण, आणि किती तास. आठ तासांचा टूर असेल तर नवव्या तासापासून वेगळं मीटर पडतं आणि गांगनुंगहून परत येताना रविवार संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो नववा तास हमखास लागतो. वीकेंड टाळा.

आमची आयडिया अशी: सोल ते गांगनुंग आम्ही केटीएक्स ट्रेनने गेलो, दोन तासांच्या आसपास लागतात, तिकीट माणशी साधारण २७-२८ हजार वॉन. आणि गाइड गांगनुंग स्टेशनवर घ्यायला आला. पैशात खरं सांगायचं तर फार फरक पडला नाही, पण पैसे दिलेले सगळे तास किनाऱ्यावर गेले, हायवेवर नाही. ट्रेनचं तिकीट मात्र आधी काढा, पानगळीच्या दिवसांत फुल असतात.

टिप द्यायची पद्धत तिकडे नाही. मी काकांना चितळ्यांची बाकरवडी दिली. त्यांनी गाडीतच पाकीट फोडलं आणि हे बिअरबरोबर चांगलं लागेल म्हणाले.

६. दिवस कसा लावायचा

जास्तीत जास्त चार जागा दिवसाला. पोरी म्हणतील आठ, ऐकू नका, एका जागी परफेक्ट फोटो मिळेपर्यंत पाऊण तास जातो हे मी घड्याळ लावून बघितलंय.

पूर्व किनारा सकाळी करा. सूर्य समुद्रावरून येतो, दुपारनंतर तो पाठीमागे डोंगरात जातो आणि फोटोची शान जाते. ह्यांगहोला आम्ही सकाळी नऊच्या सुमारास पोचलो तर आमच्याआधी सहाच जणं, निघताना मागे वळून बघितलं तर रांग पार रस्त्यापर्यंत. जवळच योंगजिन किनाऱ्यावर ‘गॉब्लिन’ मालिकेतला तो दगडी बांध आहे, के-ड्रामावाल्यांनी तो पण जोडून घ्यावा, गाडीने अगदी थोड्या मिनिटांवर.

सोलमध्ये मंगळवारी ग्योंगबोकगुंग बंद असतं. तिकीट ३००० वॉन आणि हानबोक (त्यांचा पारंपरिक पोशाख) घालून गेलं तर फुकट, भाड्याने देणारी दुकानं राजवाड्याभोवती पावलोपावली आहेत. बुकचोन हानोक गावात मुख्य गल्लीत पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच परवानगी आहे, त्यानंतर सापडलात तर एक लाख वॉनपर्यंत दंड. तिथे लोक राहतात हो, त्यांच्या दारात सकाळी सहाला सूटकेस ओढत गेलं तर कोण ऐकून घेईल. गाइडने ‘सनराइज बुकचोन’ असं काही कार्यक्रमात लिहिलं असेल तर तोही गाइड कटाप.

पावसाचा किंवा रिकामा अर्धा दिवस असेल तर चोंगग्येचोन ओढ्याजवळ हायकर ग्राउंड नावाची सरकारी टुरिझमवाल्यांची जागा आहे, आत व्हिडिओसारखे सेट लावलेत, नाचा, शूट करा, प्रवेश फुकट. माझ्या मते आख्ख्या ट्रिपमध्ये पोरी सगळ्यात जास्त हसल्या त्या इथे, जिथे एक पैसा लागला नाही.

दिवस निवडताना सोल्लाल आणि छुसोक हे त्यांचे दोन मोठे सण टाळा, अख्खा देश गावी निघालेला असतो, आपल्याकडे गणपतीत कोकणात जाताना होतं तसं समजा.

७. फोनमध्ये काय हवं

गूगल मॅप तिथे पायी रस्ता नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका. गाइडशी बोलायला काकाओटॉक, व्हॉट्सॲप तिकडे फारसं कोणी बघत नाही. काकाओटॉक इथूनच चालू करून घ्या, ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तिकडे उतरल्यावर सिम बदललं की रडगाणं. भाषांतरासाठी पापागो. मेट्रो-बसला टी-मनी कार्ड, कुठल्याही कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये मिळतं, रिचार्जला नोटा जवळ ठेवा.

८. पोटाचं

गाइडला बुकिंगच्या वेळीच सांगा, पुन्हा आदल्या दिवशी सांगा. ‘व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. त्यांच्या डोक्यात मांसाचा तुकडा दिसला नाही की व्हेज, पण सूप माशाच्या पाण्याचं, किमचीत मासळीचा सॉस. आम्ही चिकन-मासे खातो, बीफ-पोर्क नको, तर मी पापागोवर चार ओळी कोरियनमध्ये करून स्क्रीनशॉट ठेवला आणि प्रत्येक हॉटेलात तोच दाखवायचे. एक वाक्य पाठ करा: ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या. बिबिंबापवर (भाज्या घातलेला भात) चालून जातं.

कट्टर शाकाहारी किंवा जैन असाल तर टूरच्या दिवशी डबा न्याच. जुमुनजिन हे कोळ्यांचं बंदर आहे, तिथे बघाल तिकडे मासळी आणि खेकडे, मला तर मालवणात आल्यासारखं वाटलं, पण शाकाहाऱ्याचे हाल. ठेपले, गूळपोळी, चटणीचा पुडा, सगळं चालतं.

९. प्रत्यक्ष जागेवर

ह्यांगहोला काय झालं ते सांगते म्हणजे गाइडचा उपयोग कळेल. बसस्टॉप दिसायला साधा, एक आडोसा, बाकडं, मागे समुद्र. पोरी पळत जाऊन बसल्या, मी फोटो काढला, घरी अंगणात काढल्यासारखा आला. गाइडकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला, दुसऱ्या हातात लेकीचा फोन, त्यावर अल्बमचा मूळ फोटो. तो हात लांब करून डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला, आणि मागे मागे सरकत गेले, छपराची कड आणि पाण्याची रेघ मूळ फोटोत जशी होती तशी जुळेपर्यंत. मग गुडघ्यावर बसले, वाळू ओली होती तरी. ‘नाऊ,’ म्हणाले. तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. ज्या माणसाला गाणं माहीत नव्हतं त्याने काढलेला.

वारा मात्र भयंकर असतो, ऑक्टोबर अखेरीसही कान दुखले. टोपी न्या.

बाकी वागण्याचं थोडक्यात. कंपनीच्या बिल्डिंगचा फोटो बाहेरून काढा आणि निघा, आत सोडत नाहीत आणि दारात ठिय्या मारलेला त्यांना आवडत नाही. कलाकारांच्या घरी, डॉर्मपाशी नेतो असं कोणी गाइड म्हणाला तर तिथल्या तिथे नाही म्हणा, असल्या पाठलाग करणाऱ्यांना तिकडे ‘सासेंग’ म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरतात. अनोळखी माणसांचे चेहरे फोटोत आले तर लोक हटकतात, चेहरा झाकून मगच पोस्ट करा. ड्रोन तर विसराच, सोलच्या मध्यभागी उडवायला बंदी आहे.

रांगेत एकाने किती वेळ घ्यायचा याचा नियम कुठे लिहिलेला नसतो पण सगळे पाळतात: चार-पाच फोटो, मग बाजूला, परत हवे तर परत रांगेच्या शेवटी. आमच्या भाचीने तीन जाकिटं बदलायचा घाट घातला होता, मागच्या एका आजीबाईंनी नुसतं बघितलं, पोरगी गुपचूप खाली उतरली.

१०. टूरच्या दिवशीची बॅग

- मूळ पासपोर्ट, वर त्याची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो (हानबोक दुकानात काही जण डिपॉझिट म्हणून ओळखपत्र मागतात, पासपोर्ट देऊ नका)
- बुकिंगची प्रिंट, गाइडचं नाव-नंबर कोरियन लिपीत
- स्क्रीनशॉटची यादी, ऑफलाइन, जागांच्या क्रमाने
- पॉवर बँक, आणि गोल दोन पिनांचा चार्जर, आपला तीन पिनांचा तिकडे बसत नाही
- थोड्या रोख नोटा, छोट्या जागांवर लागतात
- टोपी, विंडचीटर, कोरडे मोजे
- डबा
- फोटोकार्डं, बाहुली, लाइटस्टिक (कॉन्सर्टमध्ये हलवायचा दिवा) जे काय असेल ते. लाइटस्टिकचे सेल काढून वेगळे ठेवा. आम्ही नव्हते काढले, बॅगेत बटण दाबलं गेलं, आणि गांगनुंगच्या ट्रेनमध्ये वरच्या रॅकवर माझी काळी ऑफिसची बॅग दोन तास जांभळी लुकलुकत होती. समोरच्या सीटवरचे आजोबा दर दहा मिनिटांनी वर बघायचे.